दौलतीचा पैसा आणि विद्येचा संसार

महाविद्यालयाच्या वार्षिकात हिशेबावर लेख आला की वाचक पान उलटतो, हे मला ठाऊक आहे. कथा, कविता आणि प्रवासवर्णने यांच्या पंगतीत अनुदान, निविदा आणि विनियोग प्रमाणपत्र यांना पाट कोण मांडणार? तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. प्रयोगशाळेतील यंत्र चालते की कापडाखाली झाकून राहते, संशोधक विद्यार्थ्याचे विद्यावेतन वेळेवर मिळते की सहा-सहा महिने अडते, प्रकल्प संपल्यावर काही टिकून राहते की फक्त दारावरची पाटी उरते, या गोष्टी विद्वत्तेपेक्षा व्यवस्थेवर जास्त अवलंबून असतात. ही व्यवस्था कशी चालते हे विद्यार्थ्याला कोणी शिकवत नाही. प्राध्यापकाला ती कळते, पण बहुधा पहिला प्रकल्प हातात पडल्यावर, म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणावी तशी.

या लेखातील बहुतेक उदाहरणे इंदूरची आहेत. तेथील एका शिक्षणसंस्थेच्या प्रकल्प-कार्यालयात मी काही वर्षे काम केले, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. उच्च शिक्षणात सार्वजनिक पैसा जितक्या वाटांनी येऊ शकतो, त्या जवळजवळ सर्व वाटा या एका शहरात पाहायला मिळतात.

इंदूरचा धडा

होळकर संस्थानाच्या काळात, १८९१ साली, येथे होळकर महाविद्यालय निघाले. ते आज शासकीय विज्ञान महाविद्यालय म्हणून चालते. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये श्री गोविंदराम सेकसरिया तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली. तिच्या नावातच दानशूर घराण्याचा उल्लेख आहे. १९६४ मध्ये राज्याच्या कायद्याने इंदूर विद्यापीठ स्थापन झाले आणि १९८८ मध्ये त्याला देवी अहिल्या विश्वविद्यालय हे नाव मिळाले. १९८४ मध्ये अणुऊर्जा खात्याच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली. आज ते राजा रामण्णा केंद्र म्हणून ओळखले जाते. पुढे १९९६ मध्ये आयआयएम आणि २००९ मध्ये आयआयटी आली. संस्थानिकाचा खजिना, व्यापाऱ्याचे दान, राज्य सरकार आणि केंद्र सरकार अशा चारही हातांनी या गावात विद्येवर पैसा खर्च केला आहे.

परंतु सार्वजनिक पैशाविषयीचा इंदूरचा सर्वांत जुना धडा या संस्थांच्याही आधीचा आहे. होळकरांच्या कारभारात ‘खासगी’ आणि ‘दौलत’ असे दोन स्वतंत्र विभाग होते. १७३४ मध्ये गौतमाबाई होळकरांच्या नावे खासगी जहागीर मिळाली. तिचे उत्पन्न वेगळे, हिशेब वेगळा. राज्याचे उत्पन्न ती दौलत. अहिल्याबाईंनी देशभर जे घाट, धर्मशाळा आणि मंदिरे बांधली, त्यांचा खर्च खासगीतून झाला, दौलतीतून नव्हे, असे इतिहास सांगतो. दानधर्म पुण्याचा असला तरी तो कोणत्या पेटीतून करायचा याचा विचार त्यांनी सोडला नाही. आजच्या वित्तीय नियमांची जाडजूड पुस्तके चाळली तर त्यांचा गाभा हाच आहे: ही पेटी कोणाची, हे आधी ठरवा.

पैसा किती वाटांनी येतो?

महाविद्यालयात किंवा विद्यापीठात येणारा सार्वजनिक प्रकल्प-निधी ढोबळमानाने तीन प्रकारचा असतो.

पहिला प्रकार संस्थाविकासाचा. इमारत, ग्रंथालय, वर्गखोल्या, संगणक यांसाठी. २०१३ मध्ये सुरू झालेली ‘रुसा’ योजना आणि २०२३ मध्ये तिच्या जागी आलेली ‘पीएम-उषा’ ही याची उदाहरणे. पीएम-उषासाठी २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांकरिता सुमारे १२,९२६ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली आणि निवडक ३५ राज्य-विद्यापीठांना प्रत्येकी १०० कोटी रुपये देण्याचे ठरले. बहुतेक राज्यांत अशा योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. म्हणजे एका इमारतीच्या विटा दोन सरकारांच्या पैशांनी येतात, आणि एकाचा हप्ता अडला की दुसऱ्याचाही अडतो.

दुसरा प्रकार कार्यक्रमाचा. येथे पैसा विशिष्ट सुधारणेसाठी येतो. तंत्रशिक्षण गुणवत्तासुधार कार्यक्रम, ज्याला सर्वजण ‘टेक्विप’ म्हणत, हा याचा ठळक नमुना. त्याच्याविषयी पुढे सविस्तर लिहितो.

तिसरा प्रकार संशोधनप्रकल्पाचा. एखादा प्राध्यापक विषय ठरवून प्रस्ताव पाठवतो, तज्ज्ञ तो तपासतात आणि तीन-चार वर्षांसाठी निधी मंजूर होतो. विज्ञानाच्या क्षेत्रात हे काम पूर्वी ‘सर्ब’ हे मंडळ करीत असे. २०२३ च्या कायद्याने ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ ही संस्था निर्माण झाली, ५ फेब्रुवारी २०२४ पासून तो कायदा अमलात आला आणि सर्ब तिच्यात विलीन झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याचा तिचा संकल्प आहे, पण त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून, खासगी क्षेत्राकडून यावा अशी अपेक्षा आहे.

तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान असते. पैसा मंजूर होतो एका माणसाच्या किंवा एका विभागाच्या गुणवत्तेवर, पण येतो संस्थेच्या नावावर. प्रकल्पाचा मुख्य संशोधक खर्चाचा प्रस्ताव मांडतो; सही मात्र कुलसचिवांची किंवा प्राचार्यांची आणि वित्त अधिकाऱ्यांची लागते. निम्मे तंटे येथूनच सुरू होतात. संशोधकाला वाटते, ‘निधी मी आणला.’ कार्यालयाला वाटते, ‘जबाबदारी आमच्या गळ्यात.’ दोघेही खरे बोलत असतात.

नियमांमागील तर्क

केंद्र सरकारच्या पैशाला ‘जनरल फायनान्शियल रूल्स’ लागू होतात. सध्याची आवृत्ती २०१७ ची आहे. त्यांतील प्रकल्पांशी संबंधित चार-पाच नियम प्रत्येक प्राध्यापकाला आणि संशोधक विद्यार्थ्याला माहीत असावेत. ते पाठ करण्याची गरज नाही. त्यांमागचा तर्क कळला की पुरे.

एक: अनुदान ज्या कामासाठी मंजूर झाले त्याच कामासाठी वापरायचे. उपकरणांचा पैसा प्रवासाला आणि प्रवासाचा पैसा रसायनांना परस्पर वळवता येत नाही. निधी देणाऱ्याची संमती लागते.

दोन: अनुदान बँकेत पडून राहिले आणि त्यावर व्याज मिळाले, तर हिशेब अंतिम होताच ते व्याज केंद्राच्या संचित निधीत परत भरायचे. अनेकांना हा नियम विचित्र वाटतो. पण मूळ रक्कम जर दौलतीची, तर तिचे व्याज खासगीचे कसे होईल?

तीन: अनुदानातून घेतलेली मालमत्ता सरकारच्या परवानगीवाचून विकता किंवा दुसऱ्या कामाला लावता येत नाही. म्हणून तर प्रत्येक यंत्राची डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद होते आणि त्याच्या अंगावर रंगाने क्रमांक लिहिला जातो.

चार: आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत विनियोग प्रमाणपत्र द्यायचे. कार्यालयीन बोलीत यालाच ‘यूसी’ म्हणतात. त्यात किती पैसे आले, किती खर्च झाले, किती उरले आणि ज्या हेतूसाठी दिले तो हेतू साधला का, हे सांगावे लागते.

पाच: लेखापरीक्षणाचा अधिकार. १९७१ च्या कायद्याप्रमाणे एखाद्या संस्थेला वर्षात किमान २५ लाखांचे सरकारी अनुदान मिळाले आणि तिच्या एकूण खर्चाच्या ७५ टक्के किंवा त्याहून जास्त वाटा त्या अनुदानाचा असला, तर भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक तिचे हिशेब तपासतात.

या नियमांना विद्येचे शत्रू समजण्याची आपल्याकडे एक सवय आहे. ती बरोबर नाही. नियम नसते तर ज्या विभागाचा प्रमुख दांडगा, त्याच विभागाकडे सगळी यंत्रे गेली असती. अडचण नियमांत फारशी नाही. नियम पाळण्यासाठी जी माणसे आणि जो वेळ लागतो, त्यांची तरतूद कोणीच करत नाही, यात आहे.

एका प्रकल्पाचा हिशेब

गोष्ट स्पष्ट व्हावी म्हणून एक काल्पनिक प्रकल्प घेऊ. रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापिकेला तीन वर्षांसाठी एक संशोधक विद्यार्थी आणि बारा लाख रुपये किमतीचे एक उपकरण हवे आहे.

केंद्राच्या दराने १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाचे विद्यावेतन दरमहा ३७,००० आणि वरिष्ठाचे ४२,००० रुपये आहे. दोन वर्षे कनिष्ठ आणि तिसऱ्या वर्षी वरिष्ठ, असे धरले तर ८,८८,००० अधिक ५,०४,०००, म्हणजे १३,९२,००० रुपये फक्त विद्यावेतनाला लागतात. घरभाडे भत्ता वेगळा. तेव्हा माणसाचा खर्च यंत्रापेक्षा जास्त, हे पहिले लक्षात ठेवण्यासारखे. प्रस्ताव लिहिताना मात्र आपण यंत्राचे वर्णन दोन पाने करतो आणि माणसाचे एका ओळीत उरकतो.

आता यंत्र पाहा. जुलै २०२२ पर्यंत मान्यताप्राप्त संशोधनसंस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर ५ टक्के सवलतीचा जीएसटी लागत असे. त्या महिन्यात ती सवलत काढली गेली आणि बहुतेक उपकरणांवर १८ टक्के कर लागू झाला. म्हणजे जे यंत्र करासह १२,६०,००० रुपयांत आले असते, ते १४,१६,००० रुपयांचे झाले. फरक १,५६,००० रुपयांचा. ज्यांचे प्रस्ताव आधी मंजूर झाले होते त्यांच्या मंजुरीचा आकडा बदलला नाही. यंत्राची किंमत मात्र बदलली. हा दीड लाख कोठून आणायचा? बहुधा यंत्राचा एखादा भाग कमी करून, किंवा कंपनीशी घासाघीस करून. सरकारच्या एका खात्याने दिलेले दान दुसऱ्या खात्याने थोडे परत घेतले, असा हा प्रकार. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने विद्यापीठे व संशोधनसंस्थांना मिळणाऱ्या संशोधन-अनुदानांवर कर लागू नये असा निर्णय केला. त्यामुळे अनुदानावरचे संकट टळले, उपकरणावरचा कर राहिला.

म्हणून प्रस्ताव लिहिणाऱ्याने तीन आकडे आधी काढावेत: करासह किंमत, यंत्र बसवण्यासाठी लागणारी वीज, वातानुकूलन व जागा यांचा खर्च, आणि हमीची मुदत संपल्यावरचा देखभालीचा वार्षिक खर्च. पहिला आकडा प्रत्येक प्रस्तावात असतो, दुसरा क्वचित आणि तिसरा जवळजवळ कधीच नसतो.

प्रमाणपत्र आणि पगार

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला त्या गोष्टीकडे येतो.

प्रकल्पाचा पैसा हप्त्यांनी येतो. मागच्या हप्त्याचे विनियोग प्रमाणपत्र आणि खर्चाचे विवरण पोहोचल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. प्रमाणपत्रावर मुख्य संशोधक, वित्त अधिकारी आणि संस्थाप्रमुख अशा सह्या लागतात. मी ज्या संस्थेत होतो तेथे एका प्रकल्पाचे प्रमाणपत्र तब्बल सात महिने अडून राहिले. खर्चात काही गैर नव्हते. एका पुरवठादाराचे बिल आले होते, माल आला होता. पण रजिस्टरमध्ये नोंद करणारी व्यक्ती बदलून गेली होती आणि नवी नेमलेली नव्हती. नोंद नाही म्हणून बिल नाही, बिल नाही म्हणून विवरण नाही, विवरण नाही म्हणून प्रमाणपत्र नाही. आणि प्रमाणपत्र नाही म्हणून त्या प्रकल्पातील संशोधक मुलाला सात महिने विद्यावेतन नाही. तो मुलगा धार जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेला. पाच महिने त्याने उसनवारीवर काढले, सहाव्या महिन्यात खोली सोडली आणि मित्राच्या खोलीत जमिनीवर पथारी टाकली. प्रयोगशाळेत मात्र तो रोज येत होता, कारण नमुने बिघडले असते.

त्या रजिस्टरमधल्या एका ओळीची किंमत सात महिन्यांचे विद्यावेतन होती. हे उदाहरण अपवादात्मक नाही. ज्यांनी प्रकल्पांत काम केले आहे त्यांना अशी दोन-चार नावे तरी आठवतील. हिशेब लिहिणे हे कारकुनी काम आहे, आमचे काम विद्येचे, असे म्हणणाऱ्या माझ्या प्राध्यापक मित्रांना मी एवढेच सांगेन की तुमच्या विद्यार्थ्याची भाकरी त्या कारकुनी कामावर भाजते.

अलीकडच्या काळात पैशाचा मार्ग बदलला आहे. पूर्वी हप्ता संस्थेच्या खात्यात जमा होई आणि तेथे राही. आता पैसा ‘पीएफएमएस’ या सरकारी संगणक-प्रणालीतून जातो. २०२२ पासून केंद्राच्या योजनांत बहुधा एका मध्यवर्ती खात्यात रक्कम ठेवली जाते, संस्थेला शून्य शिल्लकीचे उपखाते मिळते, आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंत खर्च होईल तसतसे पैसे सुटतात. याचा लाभ उघड आहे: देशभरच्या हजारो खात्यांत सरकारचा पैसा निजून राहत नाही. तोटा असा की वर्षअखेरीस न वापरलेली मर्यादा हातची जाण्याची भीती असते आणि तातडीच्या लहानसहान खर्चासाठी संस्थेजवळ गंगाजळी नसते. विद्यावेतनासाठी संस्थेने स्वतःच्या निधीतून तीन महिन्यांची उचल देण्याची सोय ठेवली, तर वर सांगितलेला प्रसंग टळतो. अशी सोय करण्यास कोणताही नियम आड येत नाही. लागते ती इच्छा आणि ठराव.

खरेदी आणि मार्च महिना

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. निधी बऱ्याचदा पावसाळ्यानंतर येतो, निविदेला दोन-तीन महिने जातात, आणि फेब्रुवारी उजाडला की सगळीकडे धावपळ सुरू होते. वित्तीय नियमांत स्पष्ट म्हटले आहे की वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतली खर्चाची घाई हा आर्थिक शिस्तीचा भंग समजला जाईल. तरीही दरवर्षी मार्चमध्ये कार्यालयांत मध्यरात्रीपर्यंत दिवे जळतात. घाईत घेतलेले यंत्र बहुधा गरजेचे नसते. जे लवकर मिळते ते घेतले जाते.

खरेदीचे नियम पायऱ्यांचे आहेत. २०१७ च्या नियमांत २५,००० रुपयांपर्यंतची वस्तू दरपत्रकाविना घेता येत असे आणि त्यापुढे अडीच लाखांपर्यंत खरेदी समितीने बाजारात चौकशी करून दर पक्का करायचा होता. त्यापुढे निविदा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ या सरकारी बाजारपेठेतून सर्वसाधारण वस्तू घेणे बंधनकारक झाले. खुर्ची, कागद, संगणक यांना ही पद्धत चांगली आहे. पण विशिष्ट शुद्धतेचे रसायन किंवा खास बनावटीचा डिटेक्टर घ्यायचा असेल, तर ‘सर्वांत स्वस्त’ हा निकष गोत्यात आणतो. संशोधकांच्या अनेक वर्षांच्या तक्रारींनंतर वैज्ञानिक संस्थांसाठी या मर्यादा वाढवल्या गेल्या. जून २०२५ मध्ये दरपत्रकाविना खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर आणि खरेदी समितीची दहा लाखांवरून पंचवीस लाखांवर नेण्यात आली.

येथे एक सावधगिरीचा शब्द. मर्यादा वाढली म्हणजे जबाबदारी वाढली. दोन लाखांची वस्तू एका सहीवर घेणाऱ्याने ती का घेतली, कोठे आहे आणि कोण वापरते, याची चार ओळींची नोंद त्याच दिवशी लिहून ठेवावी. लेखापरीक्षक तीन वर्षांनी येतो. तोवर स्मरण पुसट झालेले असते, कागद मात्र बोलतो.

प्रकल्प संपल्यावर काय?

आता टेक्विपकडे वळू. जागतिक बँकेच्या साहाय्याने केंद्र सरकारने चालवलेला हा कार्यक्रम तीन टप्प्यांत झाला: पहिला २००३ ते २००९, दुसरा २०१० ते २०१७ आणि तिसरा २०१७ ते २०२१. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, कर्नाटक आणि मध्य प्रदेश ही तिन्ही राज्ये होती, आणि इंदूरची सेकसरिया संस्था सहभागी संस्थांपैकी एक होती. प्रयोगशाळा अद्ययावत करणे, अध्यापकांना पुढील शिक्षणासाठी पाठवणे, संस्थांना स्वायत्ततेकडे नेणे आणि नियामक मंडळांना खरोखर काम करायला लावणे, हे त्याचे हेतू होते.

या कार्यक्रमातली एक अट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. सहभागी संस्थेने चार स्वतंत्र निधी उभे करायचे होते: एक कायम निधी, दुसरा अध्यापक-विकासाचा, तिसरा जुनी उपकरणे बदलण्याचा आणि चौथा देखभालीचा. सरकारचा पैसा एक दिवस थांबणार. त्या दिवसानंतर यंत्र बिघडले तर दुरुस्ती कशातून करायची, याचे उत्तर पैसा येत असतानाच तयार ठेवा, असा त्यामागचा विचार. शेतकरी पेरणीच्या वेळीच पुढच्या वर्षीचे बियाणे बाजूला काढतो, तसेच हे. ज्या संस्थेने ही अट मनापासून पाळली, तिच्याजवळ यंत्र दुरुस्त करण्यापुरती तरी पुंजी राहते. जेथे ती फक्त कागदावर पाळली जाते, तेथे यंत्रांवर कापड चढते.

पण ज्या गोष्टीसाठी चार निधींपैकी एकही पुरला नाही, ती गोष्ट माणसांची. तिसऱ्या टप्प्यात मागास राज्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांत कंत्राटी सहायक प्राध्यापक नेमले गेले. आयआयटी आणि एनआयटीमधून शिकलेली ही तरुण मंडळी घरापासून दूर, लहान गावांतल्या महाविद्यालयांत गेली. चांगले काम करणाऱ्यांना राज्यांनी पुढे सामावून घ्यावे, अशी अपेक्षा योजनेत होती. ३० सप्टेंबर २०२१ रोजी मुदत संपली आणि बाराशेहून अधिक अध्यापकांच्या नोकऱ्या एकाच वेळी गेल्या. केंद्र म्हणाले, पुढचे राज्याने पाहावे. राज्ये म्हणाली, पदे मंजूर नाहीत. वर्ग तेच राहिले, विद्यार्थी तेच राहिले, फळ्यापुढचा माणूस गेला.

याचा दोष एका कार्यालयावर टाकून भागणार नाही. प्रकल्प हा स्वभावतःच मुदतीचा असतो आणि शिक्षण हा स्वभावतःच अखंड व्यवहार आहे. अखंड काम मुदतीच्या पैशावर उभे केले की कधी ना कधी ही भेग पडणारच. यंत्र मुदतीच्या पैशाने घेता येते, इमारत बांधता येते, परिषद भरवता येते. शिक्षकाची जागा मात्र संस्थेच्या कायम अंदाजपत्रकातच असली पाहिजे. निदान प्रकल्पाच्या पहिल्या वर्षीच राज्याची लेखी हमी घेतली पाहिजे.

वाटून घेण्याचा मार्ग

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग लहान महाविद्यालयाने प्रकल्पांच्या वाटेला जाऊच नये काय? जावे. आणि त्यासाठीही इंदूरनेच एक मार्ग दाखवला आहे.

१९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन आंतर-विद्यापीठ केंद्रे काढण्याची तरतूद झाली. जे साधन एकट्या विद्यापीठाला परवडत नाही, ते सर्वांसाठी एका ठिकाणी उभारायचे, ही कल्पना. दिल्लीचे न्यूक्लिअर सायन्स सेंटर त्यातूनच निघाले. १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकरांनी पुण्यात उभारलेली ‘आयुका’ मराठी वाचकाला परिचितच आहे. त्याच मालिकेत, त्या दशकाच्या अखेरीस, अनुदान आयोग आणि अणुऊर्जा खाते यांनी मिळून एक कन्सोर्टियम स्थापन केले. त्याचे मुख्यालय इंदूरला, खंडवा रोडवर, देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या परिसरात आहे. मुंबई व कोलकाता येथे त्याची केंद्रे आहेत.

अणुऊर्जा खात्याजवळ मोठी साधने होती: ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी, कोलकात्याचा सायक्लोट्रॉन आणि इंदूरचे इंडस-१ व इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन प्रकाशस्रोत. इंडस-२ मध्ये इलेक्ट्रॉन सुमारे १७२ मीटर परिघाच्या वर्तुळात अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने फिरतात आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या क्ष-किरणांनी पदार्थाची अंतर्रचना तपासता येते. असे यंत्र कोणतेही विद्यापीठ विकत घेऊ शकत नाही. पण विद्यापीठांजवळ विद्यार्थी होते आणि प्रश्न होते. कन्सोर्टियमने या दोहोंच्या मध्ये पूल बांधला. त्याने इंडसवर काही बीमलाइन उभारल्या, अतिशीत तापमानाच्या प्रयोगशाळा केल्या, आणि देशातील कोणत्याही विद्यापीठाचा संशोधक प्रस्ताव पाठवून तेथे मोजमाप करू शकेल अशी रीत घातली.

अतिशीत प्रयोगांना द्रवरूप हेलियम लागतो. तो उणे २६९ अंश सेल्सियसला उकळतो. आपल्या देशात हा वायू आयात करावा लागतो आणि तो महाग आहे. म्हणून उकळून गेलेला वायू नळ्यांतून परत गोळा करून पुन्हा द्रवरूप करण्याची व्यवस्था अशा प्रयोगशाळेत ठेवावी लागते. दहा महाविद्यालयांनी दहा ठिकाणी ही व्यवस्था करायची म्हटली तर दहाही बुडतील. एका ठिकाणी, कुशल तंत्रज्ञांच्या हाती, ती वर्षानुवर्षे चालू शकते. सार्वजनिक पैशाचे व्यवस्थापन म्हणजे केवळ पावत्या जपणे नव्हे. कोणती गोष्ट एकट्याने घ्यावी आणि कोणती दहा जणांत वाटून वापरावी, हे ठरवणे हेही त्यात येते.

आपल्या भागात हे लहान प्रमाणावर का होऊ नये? शेजारच्या चार महाविद्यालयांनी मिळून एक चांगला स्पेक्ट्रोमीटर घेतला, त्याच्या वापराचे वेळापत्रक दर आठवड्याला फलकावर लावले, आणि एका तंत्रज्ञाचा पगार चौघांनी वाटून उचलला, तर चार झाकलेल्या यंत्रांपेक्षा ते एक चालते यंत्र बरे. आपल्या वार्षिकाचे मराठी आणि कन्नड असे दोन विभाग एकाच बांधणीत निघतात; दोन महाविद्यालयांची एक प्रयोगशाळा निघणे त्याहून अवघड नसावे.

आपण काय करावे?

प्राध्यापकांना तीन सूचना कराव्याशा वाटतात. प्रस्ताव पाठवण्याआधी वित्त विभागातील माणसाला एकदा वाचायला द्यावा. खर्चाची नोंद दर शनिवारी अर्धा तास बसून स्वतः तपासावी. मार्चची वाट पाहू नये. आणि प्रकल्पाच्या अखेरच्या सहा महिन्यांत नवे काही न घेता, असलेले यंत्र पुढे कोणाच्या ताब्यात राहील आणि कोण चालवील, हे लेखी ठरवावे.

संस्थाचालकांना एकच सूचना: प्रकल्पांचे हिशेब पाहण्यासाठी एक कायम, प्रशिक्षित व्यक्ती नेमा. निधी देणाऱ्या बऱ्याच संस्था प्रकल्पाबरोबर ओव्हरहेड म्हणून काही रक्कम संस्थेला देतात. ती रक्कम दिवाणखान्याच्या रंगरंगोटीत न घालता या माणसावर खर्च झाली, तर ती शतपटीने वसूल होते.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हालाही या बाबतीत अधिकार आहेत. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर रंगाने लिहिलेला क्रमांक वाचा. ते कोणत्या योजनेतून आले आणि बंद का आहे, हे विभागप्रमुखांना नम्रपणे विचारा. उत्तर मिळाले नाही तर शासकीय आणि अनुदानित संस्थांना २००५ चा माहितीचा अधिकार लागू आहे. पण बहुतेक वेळा अर्जाची गरज पडत नाही. कोणी विचारणारा आहे एवढे कळले तरी कापड निघते आणि यंत्र सुरू होते.

उद्या तुमच्यापैकी कोणी संशोधक होईल, कोणी प्राध्यापक, कोणी कुलसचिवांच्या कार्यालयात बसेल. ज्याच्या हाती सही येईल त्याने फाईल उद्यावर ढकलण्यापूर्वी एक क्षण थांबून विचार करावा की या सहीच्या पलीकडे कोणा मुलाची खोली, कोणाची मेस आणि कोणाचे नमुने अडकले आहेत. दौलतीचा पैसा लोकांचा आहे, म्हणून तो काळजीने खर्च करायचा. आणि तो लोकांसाठीच आहे, म्हणून तो वेळेवर खर्च करायचा. या दोन्ही गोष्टी एकत्र साधणे, यालाच व्यवस्थापन म्हणतात.